सवाई दुःखी

आमच्या सोसायटीतल्या अप्पांना कुणाचं दुखणं कळलं की ते पायांत चपला सरकवतात आणि वाटेतल्या हातगाडीवरून एक शहाळं घेऊन निघतात. पुण्यातल्या बहुतेक इस्पितळांच्या भेटीच्या वेळा त्यांना पाठ आहेत. वॉचमन त्यांच्याकडे पास मागत नाही, 'आज कोण?' एवढंच विचारतो.

शहाळं मात्र ठरलेलं. एकदा ते डायलिसिसवरच्या माणसाकडे घेऊन गेले. सिस्टर म्हणाल्या, "यांना नाही चालायचं, शहाळ्यात पोटॅशियम असतं." अप्पांनी ते तिथेच बसून स्वतः संपवलं आणि पेशंटला धीर दिला, "तुमची किडनी निदान एकदम तरी गेली. माझ्या साडूची सात वर्षं जात होती."

समदुःखी माणसं आपण पुष्कळ पाहतो. अप्पा सवाई दुःखी आहेत. तुमच्यापेक्षा त्यांचं नेहमी पाव हिस्सा जास्त. मला मूतखडा झाला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती एमेम?"

"सहा."

"सहा!" पहिलीतल्या पोराने 'मी शाळेत जातो' म्हटल्यावर हसावं तसे अप्पा हसले. "माझा नऊचा होता." कळ अशी होती की मी भिंतीला नखं लावत होतो, तरी मला त्या खड्याची लाज वाटली. आणखी तीन मिलिमीटर वाढायला काय झालं होतं मेल्याला!

बाबा घरीच गेले, पहाटे. अप्पा सगळ्यांच्या आधी हजर. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांनी दाखला 4-अ नमुन्यात द्यायचा, महापालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत, नेत्रदान करायचं तर 6 तासांच्या आत. आमच्यापैकी कुणाला काही सुचत नव्हतं तेव्हा हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. बाबांचे डोळे दुसऱ्या कुणाच्या कामी आले ते अप्पांमुळे. एवढं करून ते घरी गेले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण कामं संपली आणि अप्पा आईजवळ बसले.

"वहिनी, यांना झोपेत आलं हो. आमच्या दादांनी अकरा दिवस घेतले." मग त्यांनी अकराच्या अकरा दिवस सांगितले. सकाळपासून दगडासारखी बसलेली आई सहाव्या दिवसाला रडली. ती दादांसाठी.

मयताच्या घरातून 'येतो' म्हणून निघत नाहीत, मुकाट उठायचं असतं. अप्पा दारातून खणखणीत आवाजात म्हणाले, "बराय, येतो हं!" आत्याने त्यांच्या पाठीकडे असं पाहिलं की पुढचा नंबर त्यांचाच लागावा.

दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंड ठेवला आणि दोन मिनिटांत कावळा शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं, अप्पा तेवढे हिरमुसले. "आमच्या दादांना दीड तास शिवला नव्हता," ते माझ्या कानाशी म्हणाले. "शेवटी दर्भाचा केला."

गेल्या महिन्यात काकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, छातीत दुखायला लागलं. मी इस्पितळात गेलो तो मनाशी ठरवूनच, की मामाची अँजिओप्लास्टी अजिबात काढायची नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर अप्पा, शेजारी न फोडलेलं शहाळं. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. याहून मोठं काही त्यांच्या साठ्यात नसावं. पाऊण तास आम्ही समोरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बघत बसलो.

मध्येच ते म्हणाले, "तुझा तो खडा पडला ना रे?"

"पडला."

"फार दुखलं असेल."

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. धोका टळला होता, उद्या वॉर्डात हलवणार होते. अप्पा नुसते मान हलवत राहिले. आता काही बोलून घाण करायला नको म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुकाट निघालो. लिफ्टपाशी पोचलो तोच मागून त्या पाटीची पर्वा न करता अप्पा ओरडले,

"अरे, 'येतो' म्हण की! बरी आहे ती!"