कपाळावरचा खर्च

जुनी गाजलेली विज्ञानमालिका 'नव्या प्रेक्षकांसाठी' परत येणार, अशी घोषणा झाली की लोक नायक कोण, यान कसं, अशी चौकशी करतात. मी कपाळाची करतो. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन जमातीच्या कपाळाची. पुनरुज्जीवनवाल्यांची अक्कल मोजायला याहून खात्रीचं माप माझ्या पाहण्यात नाही.

मालिका १९६६ साली सुरू झाली, क्लिंगॉन १९६७ मध्ये आले. तोंडाला काळपट रंग, चढवलेल्या भुवया, खाली ओघळलेल्या मिशा, झाला खलनायक तयार! कपाळ तुमच्याआमच्यासारखं सपाट. पैसा बेताचा होता. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवणं परवडेना, म्हणून तर माणसं जागच्या जागी विरघळवून खाली पाठवायची शक्कल निघाली. खर्च वाचवायला काढलेली हीच शक्कल पुढे मालिकेची ओळख झाली.

१९७९ साली चित्रपट निघाला, हातात पैसा आला आणि क्लिंगॉनच्या कपाळावर हाडांचे उंचवटे उगवले. कसे, हे कोणी सांगितलं नाही. कोणी अडूनही बसलं नाही. लोक तिकीट काढून आले आणि बघून घरी गेले.

१९९६ मध्ये मालिकेला तीस वर्षं झाली. तेव्हाच्या एका भागात नव्या काळातली पात्रं थेट जुन्या चित्रणात शिरतात. समोर सपाट कपाळांचे क्लिंगॉन, शेजारी आपला उंचवटेवाला. सोबती एकदा तिकडे बघतात, एकदा इकडे. तो खालमानेने सांगतो की ही आमची घरची गोष्ट आहे, बाहेरच्यांशी आम्ही तिची चर्चा करत नाही. विषय संपला! एवढी शहाणी ओळ पुनरुज्जीवनाच्या धंद्यात पुन्हा कोणाला सुचली नाही.

पण विषय संपलेला कोणाला परवडतो? २००५ साली या कपाळाच्या खुलाशासाठी चांगले दोन भाग खर्ची घातले. क्लिंगॉन शास्त्रज्ञ माणसांच्या सुधारित जनुकांशी खेळायला गेले, त्यात फ्लूचा विषाणू मिसळला, साथ पसरली, उपाय सापडेपर्यंत लाखोंचे उंचवटे विरघळून गेले. म्हणजे रंगभूषेचं सामान कमी पडलं होतं, हे कबूल करण्यापेक्षा अख्ख्या साम्राज्यात महामारी आणणं बरं! आणि विषाणू तरी केवढा समंजस! १९६७ साली तिजोरीत खडखडाट, तेव्हा लागण. १९७९ साली पैसा आला, की रोगी खडखडीत बरा. निर्मितीखर्चाचा ताळेबंद वाचून पसरणारा आणि ओसरणारा हा विश्वातला एकमेव जंतू असावा. बरं, याच न्यायाने जायचं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? ज्या ग्रहावर जावं तिथे तेच खोटे खडक दिसतात, त्या खडकांना कोणता ताप आला होता? लाल अंगरख्यातला नवखा शिपाई खाली उतरला की हमखास मरतो, त्याला कोणत्या लसीचा डोस चुकला होता? काढा ना त्यांच्यावरही दोन-दोन भाग! हा खुलासा ज्या मालिकेत केला, ती त्याच वर्षी बंद पडली. साथीमुळे, असा माझा दावा नाही.

तरी धडा कोण घेतो? २०१७ च्या अवतारात क्लिंगॉनचे केसच काढून टाकले, कवटी मागे ताणली, तोंडात दात कोंबले. रबराच्या त्या ओझ्याखाली बिचारा नट भुवई उडवायची सोय नसताना जडशीळ क्लिंगॉन भाषेत बोलतो आहे आणि आपण खाली उमटणारी वाक्यं वाचतो आहोत. लोकांनी आरडाओरडा केल्यावर पुढच्या हंगामात केस परत. खुलासा तयारच होता, युद्ध चालू असताना ते डोकं भादरतात म्हणे! म्हणजे रणशिंग फुंकलं की पहिली रांग न्हाव्याकडे. आणि २०२३ मध्ये दुसऱ्या एका शाखेत जुने उंचवटे गुपचूप जागेवर आले. या वेळी एका शब्दाचा खुलासा नाही. आकाश कोसळलं नाही.

आता हसू पुरे, कारण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. १९६७ च्या त्या पहिल्या क्लिंगॉन भागात काय होतं, ते आठवून बघा. दोन महासत्ता एका गरीब दिसणाऱ्या ग्रहावरून युद्धाला उभ्या आहेत. ऐन वेळी दोन्हीकडच्या सैनिकांच्या हातातली शस्त्रं तापतात, धरवत नाहीत. ग्रहावरच्या साध्याभोळ्या म्हाताऱ्यांनी युद्धच थांबवलेलं असतं. आणि आपला कर्णधार, शांततेवर प्रवचनं देणारा, शत्रूच्या बाजूला उभा राहून त्याच्याइतकाच संतापतो की आम्हाला अडवणारे तुम्ही कोण! लढण्याचा हक्क मागताना स्वतःचं वाक्य त्याच्याच कानावर पडतं आणि तो ओशाळतो. बाहेर व्हिएतनाममध्ये बॉम्ब पडत असताना घरोघरच्या पडद्यावर स्वतःच्याच नायकाला त्यांनी असं उघडं पाडलं, तेही काळपट रंग आणि चार मिशांच्या जोरावर. कोकणातल्या दशावतारात संकासुर काळा मुखवटा आणि लोंबती लाल जीभ घेऊन येतो, तेव्हा त्या जिभेचं जनुकशास्त्र विचारायला कोणी उठत नाही. समोरचं पात्र काय करतं आहे, ते बघायला लोक बसलेले असतात.

आणि ते धाडस सोडून कपाळाची ही उठाठेव खपवायची कोणाच्या नावावर? नव्या पिढीच्या! पोरांना म्हणे खोटं कपाळ चालत नाही. पोरांना सगळं चालतं हो. त्यांना चालत नाही तो कंटाळा, आणि खुलाशाइतकं कंटाळवाणं जगात काही नाही. धाडस जमेना म्हणून तुम्ही कवट्या घडवता आणि बिल पोरांच्या नावावर फाडता.

तेव्हा पुढचं पुनरुज्जीवन ज्यांच्या डोक्यात शिजत असेल, त्यांनी पैसे आधी लेखकाला द्यावेत. नायकाला चारचौघांत ओशाळायला लावणारं एक पान त्याच्याकडून लिहून घ्यावं. ते जमलं आणि वर काही उरलं, तर खुशाल रबर विकत घ्यावं.