सहा बार, चोवीस व्होल्ट

मी मेकॅट्रॉनिक्समध्ये एम.ई. करतोय असं सांगितलं की कोल्हापुरात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "म्हणजे मेकॅनिकलच ना?" दुसरा, "पुण्यात कोथरूडला एमआयटी असताना चेन्नईची कशाला?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. आमची एमआयटी म्हणजे क्रोमपेटची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. सी. राजम यांनी १९४९ साली स्वतःचा बंगला विकून ती काढली आणि अब्दुल कलाम विमानविद्या शिकले ते तिथेच. कलामांचं नाव निघालं की नातेवाईक गप्प बसतात. वडील बसत नाहीत. उद्यमनगरात त्यांचे दोन लेथ आहेत. गेट पास झाल्याबद्दल मला महिना १२,४०० रुपये मिळतात हे ऐकून ते एवढंच म्हणाले, "आमचा टर्नर एवढ्यात मशीनचा पट्टासुद्धा चढवायचा नाही."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अंबत्तूरला मिळालं.

प्रोजेक्टसाठी तिथे जायचं म्हणजे क्रोमपेटहून लोकल, पार्कला उतरून सेंट्रल गाठायचं आणि आवडीकडची दुसरी लोकल पकडायची. १९६४ पासूनची ही औद्योगिक वसाहत. गल्लोगल्ली लहान कारखाने. आपण शाळेत असताना ज्या हर्क्युलस आणि बीएसए सायकलींसाठी घरात रुसून बसायचो, त्या अंबत्तूरच्याच. वास थेट उद्यमनगरचा, कटिंग ऑइल आणि तापलेल्या पत्र्याचा. वडाही मिळतो, फक्त मधे भोक आणि सोबत पाव नाही.

मी होतो त्या कारखान्यात बिजागऱ्यांना भोकं पाडणारं एक मशीन होतं. हवेवर चालणारा सिलिंडर बिजागरी पुढे ढकलणार, सेन्सर ती पाहणार, पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, हुकूम देणार, प्रेस खाली येणार. दिवाळीच्या आठवड्यात सिलिंडर आधी कुंथायला लागला आणि दुपारपर्यंत जागीच बसला.

फिटर आला. त्याने गेजकडे बोट दाखवलं. सहा बार. "हवा बरोबर आहे, वायरिंग बघा." वायरमनने व्हॉल्व्हच्या कॉइलला मीटर लावला. चोवीस व्होल्ट. "करंट बरोबर आहे, प्रोग्रॅम बघा." प्रोग्रॅमवाला लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या पडद्यावर आउटपुट हिरवागार. "लॉजिक बरोबर आहे, मेकॅनिकल बघा." मग तिघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. तिघांचंही बरोबर आणि मशीन बंद, हा आमच्या विषयाचा गाभा. पण तो कुठल्याच सत्राला नाही.

हे भांडण जुनं आहे. १९६८ मध्ये डिक मॉर्ली यांनी पीएलसीची कल्पना मांडली ती रिलेंनी भरलेली कपाटं घालवायला. मोटारीचं मॉडेल बदललं की त्या कपाटांचं सगळं वायरिंग पुन्हा करावं लागे. पण कारखान्यातला वायरमन बुजायला नको म्हणून प्रोग्रॅम त्याच्या ओळखीच्या नकाशासारखाच ठेवला, दोन उभ्या रेघा आणि मधे पायऱ्या. त्यामुळे आज फिटर सोडून सगळ्यांना तो वाचता येतो, आणि फिटरला वाचायचाच नसतो.

संध्याकाळी कुणाच्या तरी डोक्यात आलं की हेल्पर अण्णाला विचारावं. अण्णा दिवाळीला तिरुनेलवेलीकडे गावी गेला होता आणि सुट्टी वाढवून बसला होता. फोन स्पीकरवर टाकला. फिटरने गेज, मीटर, लॅपटॉप असं सगळं रामायण सांगितलं. पलीकडून एकच शब्द आला: "तण्णी?"

पाणी! आपला पाऊस परतला की चेन्नईचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दमट हवेला कॉम्प्रेसरने पिळलं की टाकीच्या तळाशी पाणी साठतं. खालचा कॉक रोज उघडून ते सोडायचं असतं, नाहीतर ते हवेबरोबर व्हॉल्व्हमध्ये जातं, आतलं ग्रीस धुऊन काढतं आणि सरकता दांडा अडकतो. हे काम अण्णा रोज सकाळी, कुणी न सांगता, चपला काढायच्या आधी उरकायचा. कुठल्याच तक्त्यावर त्याची नोंद नव्हती. कॉक उघडला तर कॉफीच्या रंगाचं बादलीभर पाणी आलं. व्हॉल्व्ह पुसून बसवला आणि मशीन चाललं.

पाणी कुणाच्या खात्यात, यावर तिघांचं लगेच एकमत झालं: सिव्हिलच्या.

मी मात्र संधी साधली. आपोआप पाणी सोडणारा ड्रेन, त्याला सेन्सर, सेन्सरची खबर पीएलसीला. प्रबंधाचं शीर्षक इतकं लांब झालं की मुखपृष्ठावर ते तीन ओळींत बसवावं लागलं. ड्रेन उत्तम चालतो. फक्त टाकीतल्या गंजाच्या गाळाने त्याची जाळी बुजते, आणि ती रोज सकाळी काढून धुवावी लागते. ते काम अण्णाकडे आहे.

पोंगलला अण्णा पुन्हा गावी जाणार आहे. मालकांनी परवा मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तंबी, पोंगलला तू इथेच आहेस ना?"