मसल कार : लक्षणे आणि लागण

मसल कार म्हणजे सामान्य माणसाच्या मध्यम आकाराच्या गाडीत तिला न पेलणारे इंजिन कोंबून तयार झालेली अमेरिकी मोटार. दारे दोन, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, सिलिंडर आठ आणि पोच बेताची. या जातीचा जन्म बहुतेक जाणकार 1964 सालच्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून धरतात. जाणकार म्हणजे अशी गाडी स्वतःकडे नसलेला मनुष्य. प्रस्तुत लेखक या क्षेत्रातला जुना जाणकार आहे.

जीटीओ जन्मली ती पळवाटेतून. मध्यम आकाराच्या गाड्यांना 330 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन लावायचे नाही, असा मालक कंपनी जनरल मोटर्सच्या वरिष्ठांचा नियम होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट नावाच्या साळसूद गाडीत 389 घनइंचांचे, म्हणजे 6.4 लिटरचे इंजिन बसवले. मात्र नवे मॉडेल म्हणून नव्हे, तर वरचे पैसे भरून घ्यायचा एक पर्याय म्हणून. नियम मॉडेलला होता, पर्यायाला नव्हता. उपवासाला धान्य चालत नाही म्हणून साबुदाणेवडे तळणाऱ्या घरांना हे तर्कशास्त्र समजावून सांगावे लागत नाही. नाव फेरारीच्या एका शर्यतीच्या गाडीवरून उचलले. त्यासाठी पर्यायही शोधला नाही.

इंजिन जितके मोठे तितके पुण्य जास्त, ही या पंथाची पहिली श्रद्धा. 1970 च्या शेव्हरले शेव्हेल एसएसमध्ये 7.4 लिटरचे इंजिन मिळत असे आणि कागदावर त्याची ताकद 450 हॉर्सपॉवर होती. ‘कागदावर’ हा शब्द महत्त्वाचा. 1971 पर्यंत ताकद मोजताना इंजिन गाडीबाहेर ठेवत आणि पंखा, सायलेन्सर वगैरे लोढणी सोडवून टाकत. 1972 पासून ती लावून मोजायचे ठरले आणि अमेरिकेतले हजारो घोडे एकाही शर्यतीत न हरता नाहीसे झाले. त्यामुळे जुन्या आकड्यांची नव्यांशी तुलना करणे अशास्त्रीय ठरते. जाणकार ती रोज करतात. पुढे तरुणांच्या विम्याचे भडकलेले हप्ते, धुराचे कायदे आणि 1973 ची तेलटंचाई यांनी या गाड्यांचा पहिला बहर संपवला. 1974 ची फोर्ड मस्टँग तर व्ही-एट इंजिनाशिवायच विकायला आली. तो कालखंड या विषयाच्या ग्रंथांत लवकर उरकतात.

दुसरे लक्षण सरळ रेषा. मसल कारची कसोटी पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची. पुढे काय करायचे याचा विचार तिच्या रचनेत फारसा नसे. मागे ट्रकला असतो तसा सलग अ‍ॅक्सल. 2015 च्या मस्टँगने तो कायमचा सोडला आणि ती वळणावर नीट वळू लागली, तेव्हा अनेक भक्तांच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे नव्हते. याउलट 2018 ची डॉज चॅलेंजर डीमन सुटताना पुढची चाके हवेत उचलायची. वजन वाचवण्यासाठी तिच्यात चालकाशेजारचे आसन दिलेलेच नव्हते. हवे असल्यास त्याचा आकार एक डॉलर. सहप्रवाशाची किंमत इतक्या स्पष्टपणे छापणारी दुसरी गाडी आढळत नाही.

तिसरे लक्षण आवाज. याला इतर लक्षणांपेक्षा जास्त जागा द्यावी लागेल. लागणार नाही असे कोणी म्हणेल, पण ते अरसिक होत.

व्ही-एट इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी असतात. शेव्हरलेच्या जुन्या व्ही-एटमध्ये ठिणगीचा क्रम असा : 1-8-4-3-6-5-7-2. विषम आकडे डाव्या ओळीतले, सम उजव्या. म्हणजे स्फोट होतात ते डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. आठही स्फोट सारख्या अंतराने होतात. पण कोणत्याही एका बाजूच्या नळीला उभे राहून ऐकले तर दोन ठोके लगोलग, मग बेतशीर अंतर, मग मोठी खोट, मग पुन्हा बेतशीर अंतर. या लंगड्या तालालाच ती घुमारेदार गुरगुर म्हणतात. बुलेटच्या एकाच सिलिंडरवर तयार झालेल्या मराठी कानाला ती प्रथम बिघाड वाटण्याचा संभव आहे. फेरारीच्या व्ही-एटमध्ये क्रँकची घडण सपाट असते. तिथे डावा-उजवा असा शिस्तीचा क्रम लागतो आणि गुरगुरीऐवजी किंकाळी निघते. फोर्डने 2015 च्या सुमारास शेल्बी जीटी350 मस्टँगला असेच सपाट क्रँकचे 5.2 लिटरचे इंजिन दिले, तेव्हा ही मसल कार धरावी की नाही, यावर पंथात जी फूट पडली ती अजून सांधलेली नाही.

प्रस्तुत लेखक हा क्रम दोन्ही हातांनी टेबलावर वाजवून दाखवतो. डावा तळहात, उजवा तळहात, पुन्हा उजवा. वेग वाढवत नेला की सातव्या ठोक्यापाशी वाटीतली आमटी सांडते. हे प्रात्यक्षिक लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत (काउंटरवर) आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीतही झालेले असून, श्रोत्यांनी विनंती केल्याची नोंद मात्र कोठेही नाही. घरात त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवण्याची प्रथा आहे. या बाबतीत फोर्ड अधिक समंजस निघाली : 2018 च्या मस्टँगमध्ये ठरावीक वेळेत इंजिन दबक्या आवाजात सुरू व्हावे, अशी शेजाऱ्यांसाठी सोय आली.

चौथे लक्षण किंमत. ते सर्वांत महत्त्वाचे आणि आज सर्वांत दुर्लक्षित आहे. पहिली जीटीओ साधारण 3,000 डॉलरच्या आसपास दारात येई. आजच्या हिशेबाने 30,000 धरा. महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये जन्मलेली मुले 1964 मध्ये बरोबर अठराची झाली. ही गाडी त्यांच्यासाठी होती. दिवसभर डेट्रॉइटच्या कारखान्यात बोल्ट आवळणाऱ्या पोराला तीच गाडी हप्त्यावर घेऊन संध्याकाळी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल पळवता येत होती. युरोपात वेग हा श्रीमंतांचा होता. इथे तो, काही वर्षे का होईना, कामगार वस्तीत आला. 2023 ची डीमन 170 ताकदीने 1,025 हॉर्सपॉवरची आणि किमतीने 96,666 डॉलरपासून पुढे. ती बनवणाऱ्याला ती परवडत नाही. जी बनवणाऱ्याला परवडत नाही तिला मसल कार का म्हणायचे, हे कोणी समजावून सांगितलेले नाही, आणि सांगू लागले तर ते ऐकून घेण्याइतका संयम या लेखात नाही. दर ऑगस्टमध्ये वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तेव्हाची पोरे आज पंचाहत्तरी ओलांडून घडीच्या खुर्च्यांवर रस्त्याकडेला बसलेली असतात. बॉनेट उघडे ठेवलेले. कोणी पोर जवळ आले की काही न विचारता इंजिन सुरू करून दाखवतात, आणि ते संपूर्ण वेळ पोराच्या चेहऱ्याकडे बघत असतात, इंजिनाकडे नाही.

आता आधुनिक दावेदार. डॉज चॅलेंजर हेलकॅट (2015) हा सर्वांत प्रामाणिक नमुना : 6.2 लिटर, वर सुपरचार्जर, 707 हॉर्सपॉवर, वजन दोन टन आणि दोन किल्ल्या. लाल किल्लीने सगळे घोडे सुटतात, काळीने पाचशेच. शहरात ती लिटरला साडेपाच किलोमीटरच्या आसपास जाते. अमेरिकी मर्दानगीचा हा कळस कॅनडातल्या ब्रँप्टन येथे जुळवला जाई. 2023 च्या डिसेंबरात ते उत्पादन थांबले. शेव्हरले कॅमेरोही त्याच हिवाळ्यात बंद पडली. तिच्या काचा इतक्या चिंचोळ्या होत्या की मालकालाही बाहेरचे फारसे दिसत नसे.

उरली मस्टँग. 2016 मध्ये ती उजव्या स्टिअरिंगसह, पाच लिटरच्या व्ही-एटसह, सुमारे 65 लाखांना भारतातही आली आणि सोसायट्यांच्या स्पीडब्रेकरांशी तिची ओळख झाली. अमेरिकेत मात्र ती 2.3 लिटर, चार सिलिंडरांतही मिळते. ही धाकटी मस्टँग 1964 च्या जीटीओला सहज मागे टाकेल, पण तिचा आवाज वाढवायला स्पीकरची मदत घ्यावी लागते, म्हणून ती अपात्र. उदाहरणार्थ, मिशिगनमधल्या भाच्याने प्रस्तुत लेखकाला एका शनिवारी भाड्याने काढून दिली ती हीच. आठ सिलिंडरवालीच्या पुढच्या मडगार्डवर ‘5.0’ असा बिल्ला असतो. हिच्यावर तो नसतो, तेव्हा फोटोत त्या जागी कोपर टेकवून उभे राहावे लागते. ‘मामा, हात काढा ना, गाडी झाकली जातेय,’ असे भाचा तीनतीनदा म्हणाला. कोपर हलले नाही. फोटो कॉलेजच्या ग्रुपवर गेला आणि पहिले उत्तर आले, ‘अ‍ॅव्हरेज काय देते?’

विजेवरची डॉज चार्जर डेटोना 670 हॉर्सपॉवरपर्यंत जाते आणि वजनाने अडीच टनांच्या वर भरते. मोटारीला आवाज नसतो म्हणून कंपनीने तिला कृत्रिम आवाजाची यंत्रणा बसवली, आणि तो 126 डेसिबलपर्यंत जातो असे अभिमानाने जाहीर केले. गिऱ्हाईक भुलले नाही. पाठोपाठ सहा सिलिंडरांची पेट्रोल चार्जरही आली. सहाच्या बाबतीत निर्णय राखून ठेवला आहे.

शेवटी वगळलेल्या गाड्या. कॉर्व्हेट ही 1953 पासूनची दोन आसनी स्पोर्ट्स कार. ती मसल कार नव्हे, हे तिच्या मालकांनाही मान्य असते. मस्टँग मॅक-ई ही विजेवरची, आतून ऐसपैस एसयूव्ही असून फोर्डने तिला ते नाव का दिले, यावर जाणकारांनी फार कठोर लिहिले आहे. भाच्याकडे तीच आहे, आणि परत जाताना विमानतळावर सोडायलाही तोच येणार असल्याने तिच्याविषयी येथे अधिक लिहिलेले नाही.