मोठ्यांनो, मध्ये पडू नका

संध्याकाळी पाच वाजता दादरमध्ये सहा वर्षांचं रिकामं मूल शोधून दाखवा. एक अबॅकसला, दुसरं फॉनिक्सला, तिसरं स्केटिंगला. उरलेलं टॅक्सीत, एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला निघालेलं.

मग खेळतं कधी?

‘खेळतो की, आठवड्यातून दोनदा फुटबॉलला जातो,’ असं पालक सांगतात. ती शिकवणी झाली. शिट्टी सरांची, नियम सरांचे, कोण कुठे उभं राहणार तेही सरच ठरवणार. मुलाने पळायचं. पळावं जरूर, दम वाढतो. पण खेळ जमवायचा कसा, भांडण होऊन मोडला तर पुन्हा उभा करायचा कसा, हे तिथे कुणी शिकत नाही. ते सगळं सर करून टाकतात.

गिरगावातल्या वाडीतलं क्रिकेट आठवा. एक टप्पा पडून झेल घेतला तरी आऊट. भिंतीवर आपटून आलेला चेंडू एका हाताने पकडला तरी आऊट. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत चेंडू गेला तर आऊट, वर आणायलाही त्यानेच जायचं. ही नियमावली कुठल्या क्रिकेट संघटनेने लिहून दिली? आठ-दहा वर्षांच्या पोरांनी केली. जागा अरुंद होती आणि वरच्या काकू चेंडू परत देत नव्हत्या, म्हणून. अडचण बघायची, नियम बदलायचा आणि बदललेला नियम आपल्यावरच उलटला तरी बॅट खाली ठेवायची. सोसायटीच्या सभेत किती मोठ्यांना हे जमतं?

आणि धाकटं भावंड? ते शेपटासारखं मागे असतंच. त्याला हाकलता येत नाही, आई वरून बघते आहे. मग मुलं त्याला लिंबूटिंबू करून घेतात. ते पळणार, ओरडणार, पण आऊट होणार नाही, त्याच्यावर राज्यही येणार नाही. चार वर्षांच्या जिवाला खेळात घेण्याची ही सोय मुलांनीच शोधली, बालमानसशास्त्राचं पुस्तक न उघडता. बघत बघत ते सगळं शिकतं. एक दिवस तेच पुढे येऊन सांगतं, आता माझ्यावर पण राज्य द्या.

केजीच्या वर्गात हे होत नाही. तिथे सगळी एकाच वयाची, कोण कुणाला सांभाळणार?

डबा ऐसपैस घ्या, लगोरी घ्या, विषामृत घ्या. रडीचा डाव एकदा चालतो, दुसऱ्यांदाही खपतो. तिसऱ्यांदा बाकीची पोरं सरळ घरी निघून जातात आणि खेळ संपतो. ही भीती मुलाला आतून आवरते. राग गिळायचा, वाट बघायची, हरायचं आणि तरी थांबायचं. बाहेरून कितीही दामटून हे येत नाही. खेळ चालू राहावा असं मुलालाच वाटतं, तेव्हा येतं.

डॉक्टरांनाही हे पटलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं, लहान मुलं तपासायला आली की औषधासारखा खेळही लिहून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आकडाच दिला. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि बसून स्क्रीन बघणं एका तासाच्या आत. आपल्या घरांत हे दोन आकडे नेमके उलटे झालेत.

सचिनचं नाव निघणारच, तर पूर्ण काढू. आपला मुलगा तेंडुलकर व्हावा म्हणून पाच वर्षांच्या पोराला पॅड बांधून शिवाजी पार्कच्या नेटबाहेर रांगेत उभं करतात. सचिनला मोठ्या भावाने, अजितने, प्रशिक्षक आचरेकर सरांकडे आणलं ते १९८४ मध्ये, तो अकरा वर्षांचा असताना. त्याआधी तो वांद्र्याच्या साहित्य सहवासात मित्रांबरोबर टेनिस बॉलने खेळत होता. सरांआधीची ती वर्षं कुणी का मोजत नाही?

आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही, असंही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी दादरमध्ये शिशुविहार काढलं ते १९३६ मध्ये. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं मुलांच्या हातात आली. मूल स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या गतीने शिकतं, यावर त्यांचं सगळं काम उभं होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं असंच लिहिलंय. आणि ज्युनिअर केजीच्या दप्तरात काय निघतं? वर्कशीट.

आता जागेचं बोलू. राग येतो तो इथे.

परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या. जमीन किती? सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमात जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला, अशी ढोबळ वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त रिकाम्या जमिनीची, असं ठरलं. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते कितीशी? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला.

गिरणगावच्या पोरांचं मैदान असं एका वाक्यात गेलं.

आज त्याच जमिनींवरच्या मॉलमध्ये मुलं उड्या मारतात, तासाचे पैसे भरून, मनगटाला पट्टा बांधून. आईबाप काचेपलीकडे फोन बघत बसलेले. ज्यांच्या आज्या-आजोबांनी तिथे साचे चालवले, त्या पोरांना ते पैसे परवडतात का?

बीडीडी चाळींचंही तसंच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. मधून बोळासारखा लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, आणि इमारतींच्या मध्ये मोकळी जागा. आता टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. वरळीत ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्याही मिळाल्या. मिळायलाच हव्या होत्या. सार्वजनिक संडासाच्या रांगेत शंभर वर्षं काढलेल्यांना कुणी जुन्या चाळीची महती सांगू नये.

पण पॅसेज गेला, त्याची भरपाई कोणत्या करारात आहे?

कारण त्या पॅसेजमध्ये आणि गिरगावच्या गॅलरीत एक गोष्ट होती. मूल मोठ्यांच्या कानाच्या टप्प्यात असायचं, पण हाताच्या टप्प्यात नाही. आई भाजी चिरता चिरता ऐकायची. हसण्याचा आवाज आला तर चिरत राहायची, रडण्याचा आला तर बाहेर यायची. देखरेख होती, ढवळाढवळ नव्हती. चाळिसाव्या मजल्यावरून खालचं मूल ऐकू येत नाही. म्हणून ते खाली जातच नाही.

चाळीतही सगळ्यांना सारखी मोकळीक नव्हती, हेही सांगायला हवं. मुलगे चौकात, मुली गॅलरीत सागरगोटे घेऊन, आणि दिवे लागले की मुलींनाच आधी हाक. ते परत आणायचं नाही. मुलींनाही चौक हवा.

टॉवरच्या पोडियमवर काय मिळतं? रबरी फरशी, एक घसरगुंडी, दोन झोके. घसरगुंडीवरून घसरायचं, बस. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनमध्ये सोरेन्सन नावाच्या उद्यान-रचनाकाराने एम्ड्रप वस्तीत फळ्या, विटा, भंगार टाकून मैदान दिलं आणि मुलांना म्हटलं, बांधा काय बांधायचं ते. युद्धात त्या लोकांना सुचलं. आपल्याला कोट्यवधींच्या इमारतीत दोन पोती वाळू ठेवायला सुचत नाही.

वाहनांची भीती खरी आहे. गिरगावच्या वाड्यांत जिथे स्टंप आखायचे तिथे आज गाड्या उभ्या असतात, दोन्ही बाजूंनी. पण या गाड्या आणल्या कुणी? मुलांनी नाही.

आणि ती पाटी. ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.’ भारताने १९९२ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्याच्या ३१व्या कलमात मुलांचा खेळण्याचा हक्क लिहिलाय. सोसायटीची कमिटी त्याच्यावर ऑइलपेंटने फुली मारते. आणि कुणी हूं की चूं करत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. रोज पाच ते सात पोडियम मुलांचा, एका बाजूच्या गाड्या तेवढा वेळ बाहेर, पाटी खाली. वॉचमनला सांगून ठेवा, रक्त आलं तर हाक मार, भांडण झालं तर मारू नको. आणि त्या दोन तासांतला क्लास आजच रद्द करा, फी बुडाली तरी.