आपोआप भाऊ

ज्याचं सगळं काम आपोआप होतं आणि तरी ज्याला जेवायला सवड नसते, असा इसम तुमच्याही गावात असणारच. आमच्या जानेफळात तो लग्नांचं शूटिंग करतो. 'आपोआप होते ना भाऊ!' हे त्याचं पालुपद, म्हणून नावही तेच पडलं.

तुळशीचं लग्न लागलं की मेहकर-लोणार पट्ट्यातल्या वराती याच्या हार्डडिस्कवर येऊन तुंबतात. प्रत्येक व्हिडिओ मोबाइलवर धाडण्याजोगा बारीक करायचा. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं एफएफएमपेग हे फुकटचं सॉफ्टवेअर ते करतं, आणि आपोआप भाऊची चार ओळींची बॅच फाइल त्याला एकामागून एक लग्न पुरवते. डबल क्लिक करायचं नि झोपायचं. हा झोपत नाही. काळ्या खिडकीत पळणारे फ्रेमचे आकडे रात्रभर बघतो.

"आपोआप होते म्हन्ता, मंग जागता काहून?" बायको विचारते.

"आपोआप होते का नाई, थे पाहा लागते ना!"

मी नुसती वेळ विचारली, तर त्यानं मला बॅच फाइल शिकवली. टक्क्याचं चिन्ह हातानं कमांड देताना एकदा, फाइलीत मात्र दोनदा. एक विसरलं की गाडी ठप्प. "सावकारावानी दोन टक्के घेते, पन आपोआप!"

आणखी एक खुबी त्यानं घातली होती : जुनी फाइल असली तरी न विचारता तिच्यावर नवी लिही. दोन लग्नांच्या फाइलींना यानंच 'फायनल' नाव दिलेलं, दोन्ही उतरल्या एकाच फोल्डरात. एका घरी सगळं गणगोत टीव्हीपुढे बसलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, तेव्हा मामांना कळलं की नवरदेव आपला नव्हे. भाऊचा खुलासा तयार होता : "थे आपोआप झालं."

जुन्या व्हीएचएस कॅसेटी मात्र याच्या स्क्रिप्टला दाद देत नाहीत. तीन तासांची कॅसेट व्हीसीआरवर तीन तासच चालते. एका म्हातारीनं आणलेली अशीच कॅसेट तो बुरशी पुसून, ट्रॅकिंग जुळवत, अख्खी बघत बसला. पंगतीत वाढणारे कोण कोण हयात नाहीत, ते तिला विचारून वहीत लिहीत. कबूल करायला जिवावर येतं, पण माणूस बरा आहे. या कामाचे त्यानं पैसे घेतले नाहीत. आपोआप होणाऱ्याचे मात्र रोख घेतो, तेही आगाऊ.