मोहोर अस्सल, माल कमअस्सल

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जगाच्या स्वाधीन करण्यापूर्वी ‘जीपीजी’ नामक आज्ञावलीकडून तिच्यावर शिक्कामोर्तब करून घ्यावे, मग ‘आरसिंक’च्या हवाली करून तिच्या बरहुकूम नकला देशोदेशींच्या कोठारांत रवाना कराव्यात, असा मुक्त सॉफ्टवेअरच्या दरबाराचा शिरस्ता आहे, आणि २०२४ साली ‘एक्सझेड’ या फायली आक्रसणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्या, पोटात चोरदरवाजा बाळगून, सहव्यवस्थापकाच्या अस्सल सहीनिशीच बाहेर पडल्या. पडताळणाऱ्यास ‘गुड सिग्नेचर’ असा निर्वाळा मिळे, आणि तो तंतोतंत खरा असे. कारण माल कोणाचा एवढेच ती आज्ञावली सांगते, माल कसा हे तिला कोणी विचारलेलेच नसते. बिंग फुटले ते लॉगिनला अर्धा सेकंद विलंब का होतो, याची नसती चौकशी आंद्रेस फ्रॉइंड या गृहस्थाने आरंभली म्हणून. सही मात्र अखेरपर्यंत बिनचूकच निघाली.