राजूरची चौथी पाळी

कोळशाच्या खाणीत तीन पाळ्या चालतात. राजूरच्या या घरात चार चालतात.

पहिल्या तीन पाळ्यांच्या पाठीशी सरकार आहे. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ साली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स उभी राहिली, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं हे गाव ‘राजूर कॉलरी’ म्हणून लोकांच्या तोंडी बसलं. चौथ्या पाळीच्या पाठीशी फक्त आजी आहे. घरामागच्या वाडीत ही पाळी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि आजी म्हणेल तेव्हा सुटते. हिला साप्ताहिक सुटी नाही, बोनस नाही, युनियन काढायची सोय तर मुळीच नाही. आबाजी साठाव्या वर्षी खाणीतून निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, हार घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं त्यांच्या हातात खुरपं दिलं. नारळ आदल्या रात्रीच फोडून चटणीला लागला होता.

महाराष्ट्रात राजूर नावाची गावं अनेक. जालना जिल्ह्यातलं राजूर गणपतीचं. अकोले तालुक्यातलं राजूर भंडारदऱ्याच्या वाटेवरचं, पावसाळ्यात पर्यटकांनी गजबजणारं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा हमखास घोळ होतो. मग आजी फोनवर ओरडून सांगते, “गणपतीवालं नाही बापा, धरणावालं नाही. आमचं कोळशाचं!”

आणि चुन्याचं. हे ती सांगत नाही, पण वाडीतली पानं सांगतात. चुनखडी भाजून चुना करायला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. इथं दगडही जवळ आणि कोळसाही, म्हणून भट्ट्या आल्या. कोळशाची धूळ काळी, चुन्याची पांढरी. त्यामुळे पाऊस चार दिवस थांबला की सकाळी वेलींना आंघोळ घालायचं काम निघतं. ते नातीकडे. आबाजींचा चुन्याशी संबंध फक्त तंबाखूच्या खर्ऱ्यापुरता होता. तोही आजीनं निवृत्तीच्या दिवशीच संपुष्टात आणला, असं तिचं म्हणणं आहे. आबाजींचं म्हणणं वेगळं असावं, कारण गवारीच्या ओळीमागे ते फार वेळ निंदण करतात.

वाडीचा खरा हंगाम पोळ्यानंतर. श्रावण अमावास्येला बैलांची खांदेमळणी, पूजा, पुरणपोळी सगळं होतं. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा रिवाज. नांगरलेल्या शेतातलं धान्य बंद, परसातलं तेवढं चालतं. म्हणजे वर्षातला हा एक दिवस असा, की सगळं गाव आजीच्या वाडीकडे आदरानं बघतं. चमकोऱ्याची म्हणजे अळूची पानं, कोहळं, दोडकं, भेंडी, मक्याचं कणीस, वरून चिंचेचा कोळ. चिंच चवीला खरी, पण चमकोरा घशाला खाजतो तो त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी, त्यावरचा पिढीजात उपायही चिंचच.

“यात बैलाची मेहनत नाही,” वाढताना आजी दरवर्षी सांगते.

“बैलाले आराम आहे, मले नाही,” आबाजी दरवर्षी म्हणतात.

“तुमच्या शिंगाले रंग लावला नाही, म्हणून रागावले का?”

मग येतात महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात. त्यांच्या नैवेद्याला विदर्भात सोळा भाज्या लागतात, आणि सोळाही वाडीतल्या, असा आजीचा पण. भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, दोडकं, कारलं, लवकी, कोहळं, वांगं, ढेमसं, आंबाडी, चमकोरा इथवर गाडी सुरळीत जाते. बाराव्या भाजीला सांभार, म्हणजे कोथिंबीर, धरायचा की नाही यावर सून आणि सासू यांच्यात मतभेद आहेत. हिरवी मिरची धरली तर तेरा. कढीपत्ता धरणं म्हणजे देवीची फसवणूक, असं सुनेचं मत. शेवटी सून वणीच्या बाजारातून आलू, फुलकोबी, काकडी आणि टमाटर आणून मागच्या दारानं आत घेते. आजीला हे माहीत असतं. सोळा वाट्या मांडून झाल्या की ती देवीसमोर हात जोडते आणि म्हणते, “माय, घरचंच आहे.” घर कोणाचं, हे ती स्पष्ट करत नाही.

घरच्या भाजीला पैसा लागत नाही, हा आजीचा सिद्धांत. त्यात मजुरी धरलेली नाही. इथली माती काळी, कपाशीची. ओली असली की पायाला धरते, वाळली की भेगाळते. मधे एक मोजका वेळ मिळतो, तेव्हाच तिच्यात खुरपं नीट चालतं. तो वाफसा. वाफसा कोणासाठी थांबत नाही, आणि राजूरला तो नेमका मुलाच्या रात्रपाळीनंतर येतो. रात्रभर खाणीत राबून, अंगावरचा कोळसा धुऊन मुलगा अंथरुणाकडे निघाला की आजी मुठीत ढेकूळ घेऊन दारात उभी. ढेकूळ बोटांनी दाबते. तळहाताला न चिकटता भुगा झाला, की मुलाची झोप गेली.

“थोडंसंच आहे, राजा. दोन वाफे.”

मुलगा वाफे मोजत नाही. मोजले की वाढतात, हा त्याचा अनुभव.

भाद्रपदात या पाळीचं सगळ्यात नाजूक काम चालतं, आणि ते आजी कोणाला करू देत नाही. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटून जातं. एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं. नर आधी येतात आणि भरपूर येतात, लांब दांड्यावर मिरवत असतात. मादी उशिरा येते, मोजकी येते, आणि तिच्या बुडाशी बोराएवढं इवलंसं कोहळं आधीच असतं. परागकण जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाहीत. ते मधमाशीनंच न्यावे लागतात. पावसाची झड लागली की माशी येत नाही, आणि मग ते बोराएवढं कोहळं पिवळं पडून गळतं. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्यानं हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे यायचं लगीन मलेच लावा लागते.”

वणी तालुक्यात तिनं जुळवलेली लग्नं पुष्कळ आहेत, त्यामुळे तिला यात नवं काही वाटलं नाही. साडेपाचला डोक्यावर पदर घेऊन ती मांडवाखाली जाते. एक नर खुडते, त्याच्या पाकळ्या एकेक करून सोलते. मधे पिवळ्या भुकटीनं माखलेला दांडा उरतो. मग बोटांनी मादीचं फूल हलकेच उघडून तो दांडा आत तीनदा फिरवते आणि वर एक पान झाकते, पाऊस लागू नये म्हणून. त्या वेळी कोणी बोललेलं तिला चालत नाही. एकदा आबाजींनी मागून “शुभमंगल सावधान” म्हटलं, तर ते फूल लागलं नाही. त्याचा दोष अजून त्यांच्याकडे आहे.

फळ धरलं की पुढचा शत्रू फळमाशी. कोवळ्या फळाच्या सालीखाली ती अंडी घालते, आत अळ्या होतात, आणि वरून तुकतुकीत दिसणारं कारलं आतून सडलेलं निघतं. नर माश्यांना भुलवून अडकवणारे गंध-सापळे बाजारात मिळतात. पण पैसा लागत नाही हा सिद्धांत असल्यामुळे आजी कारली, दोडकी आणि पोरसवदा कोहळी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधते. उपाय शास्त्राला धरून आहे, फळाला झाकलं की माशीला जागा मिळत नाही. अडचण एवढीच, की कागद पावसानं भिजतो आणि दर दोन-तीन दिवसांनी नवा लागतो. शिवाय आजीला पेपर कडक लागतो, म्हणजे आजचा. आबाजी चहा घेऊन ओसरीवर येतात तोवर पहिलं पान दोडक्यावर गेलेलं असतं, आणि शब्दकोड्याचं पान मोठं म्हणून कोहळ्यावर. भाद्रपदात आबाजी देशाच्या घडामोडी मांडवाखाली मान वाकडी करून वाचतात. अग्रलेख कारल्यावर असतो, तो त्यांना योग्य वाटतो.

पितृपक्षात बाजारात गवार आणि कारली महागतात, आणि आजीच्या फाटकाची कडी दिवसभर वाजते. खाणीमुळे राजूरला माणसं चहूकडून आली. डावीकडे आदिलाबादकडचं तेलुगू कुटुंब, उजवीकडे उत्तर प्रदेशातलं. आजी कोणालाही रिकाम्या हातानं पाठवत नाही, आणि कोणाकडून रिकाम्या हाताचं येणं तिला आवडतही नाही. तेलुगू शेजारीण आंबाडीचा पाला नेते आणि दोन दिवसांनी त्याची तेलात तरंगणारी, लालभडक पचडी वाटीभर आणून देते. आजी त्याच आंबाडीत ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन वाटी परत करते. एवढी चांगली भाजी हिनं वाया घालवली, असं दोघींनाही वाटतं. दोघीही वाटी चाटूनपुसून साफ करतात.

सुनेचा राग वालावर आहे. मृगात लावलेला वाल भाद्रपदापर्यंत मांडव सोडून न्हाणीच्या टिनावर, तिथून कपडे वाळवायच्या तारेवर पोचतो. फूल एक नाही, नुसता पाला. “आई, हा काढून टाकू?” असं ती दर आठवड्याला विचारते. “दसऱ्यापावतर थांब,” असं उत्तर दर आठवड्याला मिळतं. उत्तर बरोबर आहे. गावरान वाल दिवसाची लांबी ओळखतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात, त्यानंतर दिवस रात्रीहून आखूड होत जातो, तेव्हा कुठे त्याला कळ्या धरतात. दसऱ्याच्या आसपास टिनावर जांभळे तुरे दिसू लागतात. आजी त्या दिवशी काही बोलत नाही. फक्त सुनेला कपडे वाळत घालायला बरोबर घेऊन जाते.

एकदा सुनेनं मोबाइलवर राहीबाई पोपेरे यांचा व्हिडिओ दाखवला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई गावरान वाणांचं बी जपतात. २०१८ साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आजीनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तिचंही बी राखेत घोळवून डब्यांत भरलेलं असतं, आणि डब्यावर सुनेनं लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत.

“पाहा आई, पद्मश्री मिळाली त्यायले.”

“त्यायच्या घरचे काम करत असतीन,” आजी म्हणाली.

नात शाळेतून दुसरंच घेऊन आली. माणसानं रोज निदान चारशे ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीला हे पटलं. “चारशे ग्राम तं तुहा बाप ताटात सोडते,” ती म्हणाली. त्यावर मुलानं आपण आलूची भाजी भरपूर खातो, याची आठवण करून दिली. नातीनं वही उघडून वाचलं, की आलू त्या चारशे ग्रॅमात धरत नाहीत. त्या आठवड्यात घरात दोडका चार वेळा झाला.

हस्ताचा पाऊस पडून गेला की मेथी, पालक, मुळा आणि सांभाराची पेरणी. तोवर संध्याकाळी अंगणात भुलाबाई बसलेली असते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकलेला डबा नुसता हलवून दाखवतात. शंकरपाळे, चिवडा, लाडू लगेच ओळखू येतात, त्यात घरमालकिणीची फजिती. आजीची खिरापत आजवर कोणी पहिल्या दमात ओळखलेली नाही, आणि कोजागरीला तिच्या घरची पाळी ती आधीच राखून ठेवते.

यंदाही ज्वारीच्या धांड्यांच्या मखरासमोर मुली बसल्या. डबा हलवला, आवाज आला नाही. गोड की तिखट? गोड. ओलं की कोरडं? दोन्ही. मुली थकल्या तेव्हा आजीनं खूण सांगितली, “पहाटे लगीन लागलं, महिनाभर पेपर वाचला, अन् आज तेलात आंघोळ केली.”

अंगण गप्प झालं. तेलुगू शेजारणीची मुलगी म्हणाली, “भजी?” कोणी वडा म्हणालं, कोणी करंजी. तेवढ्यात ओसरीवरून आबाजी ओरडले, “कोहळ्याचे बोंड! माहं कोडं होतं त्याच्यावर!”

उत्तर बरोबर होतं. पण खिरापत घरच्यांनी ओळखायची नसते, असा नियम आजीनं तिथल्या तिथे काढला. मुलींनी तो एकमुखानं मान्य केला, आणि आबाजींच्या वाट्याचे चार बोंड अंगणात वाटले गेले.